‘वस्तरा देऊ काय हातात?’



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मध्यंतरी पावसाने वीज आणि इंटरनेट आलटूनपालटून नेलं (राधानगरीकरांना हे सांगायला नको). पण खरं कारण ते नाही. मे महिन्यात घरी एक प्रसंग घडला आणि त्यावर लिहावं की नाही हे ठरत नव्हतं, कारण त्यातली बरीचशी पात्रं हा ब्लॉग वाचतात. शेवटी म्हटलं, लिहायचं. वाचू देत.

नातवाचा दहावीचा निकाल लागला. एकसष्ट टक्के. वर्षभर कबड्डी खेळून पोराने एकसष्ट टक्के मिळवले, म्हणजे माझ्या हिशेबाने वाईट नाही. पण हल्ली नव्वदच्या खालचा निकाल सांगताना लोक आवाज बारीक करतात. ओसरीवर पाचसहा नातेवाईक जमले होते, पेढे फिरत होते. आणि एक जण (नाव लिहीत नाही, त्यांचं त्यांना कळेल) पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आता काय, एक वस्तरा देऊ काय हातात?"

सगळे हसले. नातूही हसला. म्हणजे हसल्यासारखं केलं. चाळीस वर्षं पोरांची तोंडं वाचण्यात गेली, हसणं आणि हसल्यासारखं करणं यातला फरक मला कळतो.

गंमत अशी की त्याच सकाळी मी मागच्या अंगणात वस्तऱ्याने दाढी केली होती, आणि हनुवटीखाली जरासं कापलं म्हणून तुरटी लावून बसलो होतो. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. राहिलेलं बोलणं आता इथे बोलतो.

आधी माझ्या हातात वस्तरा कसा आला ते सांगायला हवं. घरच्यांनी ते ‘म्हातारचळ’ या सदरात टाकून दिलंय.

२०२० चा उन्हाळा आठवा. मार्चअखेर सगळं बंद झालं तशी न्हाव्यांची दुकानंही बंद झाली. दारूची दुकानं मे महिन्यात उघडायला लागली. सलून उघडायला आपल्या राज्यात २८ जून उजाडला. तेही फक्त केस कापायला, दाढीला परवानगी नव्हती. ज्याच्या घरात संध्याकाळच्या गल्ल्यावर रात्रीची चूल पेटते, त्याने ते तीन महिने कसे काढले हे आपण कुणी विचारलं नाही. आपण बायकोकडून केस कापून घेतल्याचे फोटो एकमेकांना पाठवत होतो आणि त्याला ‘आत्मनिर्भर’ म्हणत होतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं इथे दुकान आहे. (नाव लिहू का विचारलं तर म्हणाला, "नगो सर, गिऱ्हाइकं वाचत्यात.") माझे केस आणि दाढी वर्षानुवर्षं त्याच्याच हातात. त्या एप्रिलमध्ये तो फाटकाबाहेर दिसला, तोंडाला रुमाल, हातात रेशनची पिशवी. मी पैसे पुढे केले, घेईना. परत केले, परत नाही म्हणाला. मग मास्तरांचं डोकं चालवलं. म्हटलं, "असं कर, मला वस्तऱ्याने दाढी करायला शिकव. शिकवणीची फी घे." तो रुमालातल्या रुमालात हसला. "सर, तुमी निमित्त काढताय."

निमित्त होतंच. पण दुसऱ्या दिवशी तो वडिलांची धोकटी घेऊन आला.

धोकटी हा शब्द आता किती जणांना माहीत असेल? न्हाव्याची कातड्याची पिशवी. माझ्या लहानपणी, म्हणजे पंचावन्न-साठ सालाच्या सुमाराला, त्याचे आजोबा हीच धोकटी घेऊन आमच्या दारी येत. फणसाच्या झाडाखाली पोतं अंथरायचं, आधी वडील, मग काका, मग आम्ही पोरं वयानुसार. पैशाचा व्यवहार नाही, बैतं. सुगी झाली की वर्षाचं भात मापून घालायचं. आजी त्यातही वरचं पोचट बघून घालायची, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. ती दुष्ट नव्हती. तिला ते पोचट भात पुरेसं वाटत होतं, एवढंच. आणि हजामत झालेला माणूस आंघोळ केल्याशिवाय घरात यायचा नाही. जावळापासून दहाव्यापर्यंत ज्याच्यावाचून अडतं, त्याच्या हाताचा स्पर्श मात्र धुऊन टाकायचा. तेव्हा यात मला काही खटकलं नव्हतं.

तर धोकटी उघडली. दोन वस्तरे, चामोटी, धारेचा दगड, कात्री, चिमटा, नराणी, पितळेची वाटी आणि पारा उडालेला आरसा. वस्तऱ्याच्या पात्यावर बारीक अक्षरांत ‘सोलिंगेन’. जर्मनीतलं चाकू-कात्र्यांसाठी नावाजलेलं शहर. तिथून हे पातं निघून या भोगावतीच्या काठाला कसं आलं असेल, याचा विचार करण्यात माझी पहिली दहा मिनिटं गेली.

हा वस्तरा त्याच्याही दुकानात चालत नाही. नव्वदच्या दशकात एड्सची भीती पसरली, तशी प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं ब्लेड लावायची पद्धत आली आणि ब्लेड अर्धं मोडून बसवायचा वस्तरा आला. ते योग्यच झालं. एका धारेने गावभर दाढ्या करणं आज कुणी करू नये. जुना वस्तरा एकाच माणसाने, स्वतःसाठी वापरायचा. आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील त्यांनी याच्या वाटेलाच जाऊ नये. (मी डॉक्टरांना विचारून सुरू केलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले.)

आता शिकवणी. नियमाप्रमाणे सहा फूट अंतर. मी पडवीच्या खांबाला आरसा टांगून बसलेला, तो अंगणात उलट्या टोपलीवर. त्याला माझ्या हाताला हात लावून दाखवता येत नव्हतं, सगळं बोलून सांगायचं. वर्गात नीट बोलत नाही म्हणून मी ज्या मुलाला बाकावर उभं केलं होतं, तो सहा फुटांवरून मला निव्वळ शब्दांनी वस्तरा शिकवत होता.

पहिले दोन आठवडे तोंडाला वस्तरा लावायचाच नाही. नुसती चामोटी. एक टोक खांबाला बांधायचं, दुसरं डाव्या हाताने ताणायचं, पात्याची पाठ आणि धार दोन्ही एकदम चामड्यावर टेकवायच्या आणि ओढायचं. पाठ पुढे, धार मागे. टोकाला गेलं की पाठीवर कूस बदलायची. धारेवर कूस बदलली की चामोटीला चीर. ती मी दुसऱ्याच दिवशी पाडली. अजून आहे. दगडावर मात्र उलटं, धार पुढे. मी विचारलं, असं का रे? म्हणाला, "दगड लोखंड खातोय सर, म्हणून धार म्होरं. चामडं खात न्हाई, नुसतं धारंला सरळ करतंय." मराठीच्या मास्तराला चाळीस वर्षांत इतकी सोपी व्याख्या करता आली नाही कशाचीच.

मग फुगा. फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्याने तो काढायचा. त्याला त्याच्या वडिलांनी असंच शिकवलं. फटाफट सहा फुगे फुटले, शेजारची पोरं कुंपणावर जमली. सातवा वाचला.

त्यानंतर गाल. आधी गरम पाण्याचा पंचा दोन-तीन मिनिटं. केस मऊ पडल्याशिवाय धारेचा काही उपयोग नाही. मग फेस, ब्रशने, गोल गोल. वस्तरा मुठीत आवळायचा नाही. तीन बोटं पात्याच्या दांड्यावर, करंगळी शेपटावर, अंगठा खालून. दुसऱ्या हाताने कातडी ताणायची. पात्याची पाठ गालापासून जेमतेम तिच्या दोन जाडी वर, म्हणजे साधारण तीस अंश. त्याहून आडवा धरला तर केस ओढतो, उभा धरला तर कापतो. केसांच्या दिशेने, छोटे छोटे हात, आणि पातं त्वचेवर बाजूला सरकता कामा नये. बाजूला सरकणं म्हणजेच कापणं, भाजी चिरतो तसं. पहिला आठवडा फक्त गाल. तो म्हणाला, "गाल म्हंजी पहिली-दुसरी सर. हनवटी म्हंजी म्याट्रिक." (मिशी आहे म्हणून वरच्या ओठाच्या पदवीपरीक्षेतून मी वाचलो.)

डाव्या गालाशी येऊन आम्ही दोघंही अडलो. उजवा हात तोंडावरून पलीकडे नेला की आरशात काही दिसेना, डाव्या हातात घेतला तर तो हात अडाणी. मी विचारलं, तू कसं करतोस? तो गप्प. मग म्हणाला, "सर, मी आरशात बघून सोताची कधी केलीच न्हाई. आमी दुकानात एकामेकाची करतो." न्हावी गिऱ्हाइकाभोवती फिरतो, त्याचा उजवा हात नेहमी सोयीच्या बाजूलाच असतो. माझ्यासारख्याला खुर्चीभोवती फिरता येत नाही. मग त्याने घरी जाऊन स्वतः डाव्या हाताने करून बघितली आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, डाव्या हातालाच शिकवा सर, महिनाभर लागेल. ज्याला येतं तोही माझ्यासाठी नव्याने शिकला. मी किती विद्यार्थ्यांसाठी असं केलं होतं, हे त्या रात्री मोजायला बसलो. फार वेळ लागला नाही.

आणि आता तो मुद्दा, जो मला ओसरीवर सांगायचा होता.

किंग कॅम्प जिलेट या अमेरिकन गृहस्थांनी १९०१ मध्ये कंपनी काढली, १९०४ मध्ये त्यांना ‘सेफ्टी’ रेझरचं पेटंट मिळालं. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना ते रेझर दिले आणि घरी दाढी करायची सवय जगभर पसरली. आमच्या पिढीच्या कप्प्यातली भारत ब्लेडची, टोपाझची पाकिटं त्याच वंशातली. त्या शोधाचा अर्थ काय? उघड्या पात्याने दाढी करणं साध्या माणसाला सहजी जमत नाही, म्हणून पात्यालाच कुंपण घाला. त्या एका गृहीतकावर जगभर एक अख्खा उद्योग उभा राहिला. आणि आपण ओसरीवर बसून काय म्हणतो? डोकं चालत नसेल तर वस्तरा धर! अहो, डोकं, डोळा आणि मनगट तिन्ही एका वेळी चालावं लागतं, तेही दुसऱ्याच्या गळ्यावर. तुमच्या ऑफिसात चूक झाली तर फाईल परत येते.

बरं, पहिल्या दिवसाचं राहिलंच. तीन ठिकाणी कापलं. वाटीतलं पाणी लाल. तो टोपलीवरून अर्धा उठला, नियम आठवून परत बसला आणि म्हणाला, "घाबरू नगा सर, हात चांगला हाय तुमचा."

हात चांगला नव्हता. मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला काय सांगायचं असतं, हे त्याला कळत होतं. आणि तेव्हा मला १९८४ सालचा सातवीचा वर्ग आठवला.

समास चालले होते. मी त्याला बहुव्रीहीचं उदाहरण विचारलं, त्याला आलं नाही. परत विचारलं, नाही आलं. आणि मी म्हणालो, "तुला कशाला हवा बहुव्रीही? बापाची धोकटी आहेच की." वर्ग खो खो हसला. चांगला विनोद जमला म्हणून मीही खूश. पुढे दोन वर्षांनी, नववीत, त्याने शाळा सोडली. माझ्या त्या वाक्यामुळेच सोडली असं म्हणत नाही, घरची कारणंही होती. पण ते वाक्य मी बोललो होतो.

आठवडाभर मी ते गिळून बसलो. मग एक दिवस चामोटी गुंडाळताना विचारलंच. तो म्हणाला, "तुमी एकलं न्हवता सर, सगळीच म्हणायची. तुमचं एवढं न्हाई लागलं. वर्ग हासला ते लागलं. बाकावर शेजारी बसणारा माझा दोस्त बी हासला."

म्हणून मंडळी, मे महिन्यात तुम्ही हसलात तेव्हा माझ्या पोटात कालवलं. बोलणारा एकच होता. हसणारे सहा होते.

या गावाचं नाव शाहू महाराजांच्या कन्येचं, राधाबाईंचं. वरचं धरण महाराजांनी बांधायला घेतलं. त्यांनीच १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. शेतकऱ्याचा, न्हाव्याचा, चांभाराचा मुलगा शाळेत यावा म्हणून राजाने खजिना उघडला. तो मुलगा आलाही. आणि सदुसष्ट वर्षांनी त्याच भूमीत एका बी.ए. झालेल्या मास्तराने, मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या मास्तराने, एका वाक्यात त्याला परत धोकटीकडे पाठवलं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मला शब्द सापडत नाही, आणि शब्द सापडणं हा माझा पेशा होता.

शब्दांचं निघालंच आहे तर सांगतो. ‘हजामत’ मूळ अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ शरीरातलं दूषित रक्त तुंबडीने काढणं, म्हणजे वैद्यकीचं काम. युरोपातही न्हावी आणि शस्त्रवैद्य एकाच संघटनेत होते, लंडनमध्ये ते वेगळे झाले १७४५ मध्ये. आमच्याकडेही गळू फोडायचं काम गावात न्हावीच करायचा. असा मानाचा शब्द मराठीत आला आणि आपण त्याचं काय केलं? ‘हजामती करत बसू नकोस’ म्हणजे रिकामटेकडेपणा. ‘बिनपाण्याची केली’ म्हणजे फजिती. म्हणीतसुद्धा न्हावी आला तो उकिरड्यासकट. आणि सोवळ्यात बोलायचं झालं की संस्कृत ‘श्मश्रू’. म्हणजे काम तेच, पण ते करणाऱ्याचा वास शब्दाला नको. मी हे वाक्प्रचार फळ्यावर लिहून अर्थासह पाठ करून घेतलेत. ‘वाक्यात उपयोग करा’, दोन गुण.

बरं, इतिहासाचं आपल्याला फार प्रेम. प्रतापगडावर सय्यद बंडाचा वार अडवणारा जिवा महाला कोण? ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण छाती फुगवून म्हणतो. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटावेत म्हणून त्यांचं सोंग घेऊन मरण पत्करणारा नेबापूरचा शिवा काशीद कोण? माथेरानचे भाई कोतवाल, जे वकील झाले, ज्यांनी आझाद दस्ता उभारला आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर गोळी झेलली, ते कोण? पुतळ्याला हार घालताना तुम्हाला आठवतं. पेढे खाताना विसरतं.

आणि एक गोष्ट, जी मी शिकवायला हवी होती आणि शिकवली नाही. विधवांचं केशवपन बंद व्हावं म्हणून शहाण्यासुरत्या लोकांनी लेख लिहिले, व्याख्यानं दिली, वाद घातले. १८९० मध्ये मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा भरवून ठरवलं की विधवेच्या डोक्याला आम्ही वस्तरा लावणार नाही. त्यामागे सत्यशोधक आणि कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे होते. हातावर पोट असलेल्या लोकांनी आपल्या मिळकतीवर पाणी सोडून वस्तरा खाली ठेवला. यापेक्षा सोपा निबंध केशवपनावर कुणी लिहिला असेल असं मला वाटत नाही.

आता कुणी म्हणेल, सर, एकाच बाजूचं सांगताय. दुसरी बाजू आहे, आणि ती मी लपवणार नाही. हाच वस्तरा दलितांच्या डोक्याला लागत नव्हता. साताऱ्याला लहानग्या भीमरावाचे केस कापायला न्हावी तयार नव्हता, थोरली बहीण कापायची. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. गावाच्या उतरंडीत प्रत्येक जण वरच्याचं खातो आणि खालच्याला देतो. माझ्या विद्यार्थ्याशी हेही बोललो. तो म्हणाला, "आज्ज्यानं केलं असंल सर. माझ्या दुकानात खुर्ची एकच हाय." मी तुम्हाला न्हाव्याची आरती म्हणायला सांगत नाहीये. ओसरीवर कुणाला खाली ढकलून हसताय ते बघा म्हणतोय.

पुण्याच्या पुतण्याचा फोन आला होता. त्याला माझ्या वस्तऱ्याचं भारी कौतुक. त्याने स्वतः परदेशातून एक मागवलाय, शिंगाच्या मुठीचा. किंमत सांगितली ती मी इथे लिहीत नाही, माझ्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगारापेक्षा जास्त आहे. म्हणतो, "काका, इट्स मेडिटेशन." ध्यान म्हणे! करा ध्यान. माझी हरकत नाही. पण बघा हं, तोच वस्तरा हौसेने घेतला की ध्यान, शहरात काचेच्या दुकानात भरमसाट फी भरून शिकला की ‘हेअर स्टायलिस्ट’, आणि बापाकडून शिकला की शिवी. पातं तेच, धार तीच. जात चिकटली की भाव उतरतो, जात पुसली की चढतो.

त्याच पुतण्याने मग मला कोंडीत पकडलं. "काका, खरं सांगा. नातवाने उद्या खरंच सलून टाकतो म्हटलं, तर?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर खोटं ठरलं असतं. रात्रभर छताकडे बघत पडलो. घशाशी आधी ‘नको’ आलं हे कबूल करतो. का नको? पैशाचं म्हणाल तर आमच्या नात्यातल्या दोन इंजिनियरांपेक्षा त्याच्या दुकानाचं बरं चाललंय. कष्टाचं म्हणाल तर दिवसभर उभं राहणं आहे, पाय आणि कंबर जाते, ते खरं. पण माझ्या ‘नको’त पाय आणि कंबर नव्हती. लोक काय म्हणतील हे होतं. आणि लोक म्हणजे तरी कोण? ओसरीवरचे तुम्ही सहा जण, आणि सातवा मी.

माझा विद्यार्थी स्वतःच्या मुलाला या धंद्यात आणणार नाही म्हणतो, मुलगी तर नर्सिंग शिकतेय. मी त्याला ‘पिढीजात कला आहे रे, टिकव’ असं सांगायला गेलो आणि त्याने मला तिथेच अडवलं. "कला तुमी टिकवा सर, तुमच्याकडं वेळ हाय. माझ्या पोराला शाळेत कुणी धोकटी म्हणू नये, एवढंच बगा." म्हणून ‘वस्तऱ्याकडे परत चला’ असलं काही मी लिहिणार नाही. ज्याला सोडायचं त्याने खुशाल सोडावं, ज्याला धरायचं त्याने धरावं.

‘अहो सहज बोलतो, मनात काही नसतं,’ हे उत्तर मला येणार हे माहीत आहे. दोघांनी तर फोनवर दिलंसुद्धा. मनात काही नसतं हे मला मान्य. माझ्याही मनात काही नव्हतं १९८४ मध्ये. मनात काही नसताना माणूस जे बोलतो, ते कुठून येतं मग?

नातवाला मी त्या संध्याकाळी मागच्या अंगणात बोलावलं. काही उपदेश केला नाही (निवृत्तीनंतर प्रयत्न करतोय). नुसता वस्तरा हातात दिला, मिटलेला. त्याने उघडला, पातं उजेडाकडे धरलं आणि म्हणाला, "आजोबा, हे जड नाही की." मग स्वतःच चामोटीवर चारपाच हात मारून बघितले. कूस बरोबर पाठीवर बदलली. मला न सांगता. त्याने आयटीआयचा अर्ज भरलाय, फिटरचा. ओसरीवर त्यावरही काहीतरी बोलणं झालंच असेल.

सध्या इथे पाऊस लागलाय. या दिवसांत कार्बनच्या पोलादाला राधानगरीत दोन दिवसांत गंज चढतो, म्हणून दाढी झाली की पातं कोरडं पुसून शिलाई मशिनच्या तेलाचं बोट फिरवतो. सोमवारी त्याचं दुकान बंद असतं, तेव्हा तो चहाला येतो, माझी हनुवटी बघतो आणि कुठे राहिलंय ते सांगतो. अजून राहतंच, डाव्या जबड्याच्या कोपऱ्यात.

ओसरीवरच्या मंडळींनो, राग आला असेल तर खाली प्रतिक्रियेत लिहा, मी एकही काढून टाकणार नाही. त्यापेक्षा गणपतीला याल तेव्हा एक दिवस लवकर या. गरम पाणी, फेस, आरसा, सगळं तयार ठेवतो. नवं ब्लेड घालून देतो, जुना वस्तरा नाही. हात कुणी धरणार नाही, हसणार कुणी नाही. नुसता उजवा गाल करून दाखवा.

येताना तुरटी आणा. इथली संपत आलीय.